अरामिसचा खून आणि ट्रामचा पुनर्जन्म

कधीच न धावलेल्या एका वाहनावर तीनशेहून अधिक पानांचे पुस्तक लिहिले जावे, त्यात एक तरुण इंजिनीअर आणि त्याचे प्राध्यापक पोलिसी चौकशी करावी तसे कचेऱ्या-कचेऱ्यांतून हिंडावेत, मुलाखती, टिपणे, इतिवृत्ते यांचे तुकडे कथेत मिसळावेत आणि मधूनच ते वाहन स्वतः बोलू लागावे, हा प्रकार वाचायला मिळेल असे मला वाटले नव्हते. ब्रूनो लातूर (आपल्या लातूरशी या आडनावाचा काही संबंध नाही) या फ्रेंच विचारवंताचे ‘अरामिस’ हे पुस्तक असे आहे. कॅथरीन पोर्टर यांचा इंग्रजी अनुवाद १९९६ साली आला आणि तेव्हापासून तंत्रज्ञानाचा सामाजिक अभ्यास करणाऱ्यांमध्ये ते वाचले जाते. अरामिसला कोणी मारले, हा पुस्तकातला प्रश्न. मी ते तीनदा वाचले. पहिल्या वाचनात भारावलो, दुसऱ्यात शंका आल्या, तिसऱ्यात मात्र मला पुस्तकात नसलेल्या एका पात्राचीच आठवण होत राहिली. ते पात्र म्हणजे रस्त्यावरची साधी ट्राम.

अरामिस हे नाव ड्यूमाच्या तीन शिलेदारांपैकी एकाचे. पण ते मुळात एका लांबलचक फ्रेंच वर्णनाच्या आद्याक्षरांचे बनवलेले आहे. त्या वर्णनाचा मराठीत अर्थ साधारण असा : स्थानकांत सुट्या होणाऱ्या स्वतंत्र डब्यांची स्वयंचलित गाडी. १९७०च्या सुमारास मात्रा या कंपनीने हे काम हाती घेतले. कल्पना खरोखर सुंदर होती. चार जणांचा लहानसा डबा, सर्वांना बसायला जागा, चालक नाही. तुम्ही आत बसायचे, मुक्कामाचे ठिकाण सांगायचे आणि मधल्या एकाही स्थानकावर न थांबता थेट तिथे उतरायचे. मुख्य मार्गावर हे डबे एकमेकांच्या मागे हातभर अंतरावर, पण कोणत्याही कडीने न जोडता, घोळक्याने धावणार. ज्याला वळायचे असेल तो घोळक्यातून अलगद बाहेर पडणार आणि उरलेले पुन्हा जवळ येणार. या बिनकडीच्या जोडणीला तिथले इंजिनीअर ‘अभौतिक जोडणी’ म्हणत. पुढचा डबा किती दूर आहे हे मागच्याला ध्वनिलहरींनी आणि प्रकाशाने कळायचे.

हे स्वप्न एकट्या फ्रान्सचे नव्हते. अमेरिकेत डॉन फिक्टर यांनी १९६४ साली अशाच व्यवस्थेवर पुस्तक लिहिले होते आणि १९६८ मध्ये तिथल्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याच्या अहवालातही तिला जागा मिळाली होती. मोटारीतला खासगीपणा आणि रेल्वेतला सार्वजनिकपणा यांचे लग्न लावायचे, अशी ती कल्पना. रस्त्यावरची कोंडी, धूर, अपघात हे सगळे जाईल आणि माणसाला आपला डबा मात्र मिळेल. या पंथाचे वाङ्मय मी बरेच वाचले आहे, आणि त्याची शैली पहिल्याच पानावर ओळखू येते. ते नेहमी आत बसलेल्या प्रवाशाच्या बाजूने लिहिलेले असते. तुम्ही येता, डबा तयार असतो, तुम्ही बसता. ‘तुम्ही’ एकवचनी असता. चित्रांतसुद्धा फलाटावर दोन-तीन माणसे, एखादी छत्री, एखादे मूल. सकाळी सव्वानऊला लोकल आल्यावर जिन्यावरून जो लोंढा उतरतो, तो या चित्रांत मला कधी दिसलेला नाही.

अरामिसचे पुढे काय झाले, हे लातूर बारकाईने सांगतात. पॅरिसच्या परिवहन संस्थेने सोबत केली, ओर्ली विमानतळाजवळ चाचण्या झाल्या, पैसा आला, थांबला, पुन्हा आला. १९८९ साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरवायचे ठरत होते आणि तिथे अरामिस मिरवणार होता. १९८३ मध्ये ते प्रदर्शनच रद्द झाले. तरीही शहराच्या दक्षिणेला बुलव्हार व्हिक्टोर येथे चाचणीचा मार्ग बांधला गेला. दरम्यान डबा चारचा दहा जणांचा झाला. दोन-दोन डबे कायमचे जोडले गेले. न थांबता थेट मुक्कामाला, हे वचन हळूहळू मागे पडले. नोव्हेंबर १९८७ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. गंमत अशी की तोपर्यंत डबे बिनकडीचे धावू लागले होते. तंत्र जमले, आणि तेव्हाच ते कोणाला नको झाले.

मारेकरी कोण? लातूर एकेकाला विचारतात आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. फार महाग होते, फार गुंतागुंतीचे होते, राजकारण बदलले, पॅरिसला त्याची गरजच नव्हती. यातली काही उत्तरे एकमेकांना छेद देतात. शेवटी लातूर ठरवतात की खून कोणी केलाच नाही. अरामिसवर कोणी पुरेसे प्रेम केले नाही. प्रेम म्हणजे त्यांच्या लेखी भावुकता नव्हे. घासाघीस, तडजोड, पुन्हा पुन्हा बोलणी, परिस्थिती बदलली तर वस्तूलाही बदलू देणे. बाहेरचे तपशील बदलले, पण अरामिसचा गाभा, ती अभौतिक जोडणी, सतरा वर्षे कोणी पुन्हा तपासली नाही. तो पवित्र मानून बाजूला ठेवला गेला. याउलट त्याच मात्रा कंपनीचा ‘वाल’, म्हणजे छोट्या डब्यांची चालकाविना धावणारी मेट्रो, लील शहराशी बोलत-बोलत घडला आणि १९८३ मध्ये प्रवासी घेऊन धावू लागला.

हा निष्कर्ष मला आजही मोलाचा वाटतो. आपल्याकडे प्रकल्प फसला की ‘भ्रष्टाचार’ किंवा ‘राजकारण’ एवढा एक शब्द टाकून आपण मोकळे होतो. लातूर तसे मोकळे होऊ देत नाहीत. पण त्यांच्या तुलनेची मर्यादाही इथेच आहे. अरामिसच्या शेजारी ते वाल उभा करतात, म्हणजे एका स्वयंचलित भावाशेजारी दुसरा. त्याच वर्षांत, त्याच देशात, कोणताही नवा शोध न लावता तिसरेच एक वाहन मेलेल्यातून उठत होते. प्रेमाची त्यांनी केलेली व्याख्या त्या वाहनाला जितकी चपखल लागू पडते तितकी वाललाही पडत नाही.

फ्रान्समध्ये एके काळी गावोगाव ट्राम होती. पॅरिसने ती १९३०च्या दशकात काढून टाकली, आणि पुढे उरल्या त्या लील, मार्सेय आणि सेंत-एतियेन या तीन ठिकाणच्या. बाकी सगळीकडे रूळ उखडले, मोटारींना जागा केली. १९७५ साली परिवहन खात्याचे राज्यसचिव मार्सेल कावाये यांनी आठ शहरांना पत्र लिहून ट्रामचा विचार करायला सांगितले. त्या आठांपैकी कोणाच्याही आधी ती आणली नाँतने, ज्याला पत्रच गेले नव्हते. नाँतची जुनी ट्राम १९५८ मध्ये बंद झाली होती. १९७७ साली महापौर झालेल्या आलें शेनार यांनी नवी ट्राम हाती घेतली, रस्ते खणले, आणि १९८३च्या निवडणुकीत ते पडले. पडण्यामागे त्या खणाखणीचाही वाटा होता. नवा महापौर ट्रामविरोधी होता. पण काम इतके पुढे गेले होते की थांबवणे परवडेना. जानेवारी १९८५ मध्ये ट्राम धावली, आणि थोड्याच काळात तिला विरोध करणारे सापडेनासे झाले.

ग्रनोब्लमध्ये १९८३ च्या जूनमध्ये लोकांचे मत घेतले गेले. निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांनी होकार दिला. तिथल्या अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरला की आम्हाला चाकांच्या खुर्चीसह चढता आले पाहिजे. मग डब्याचे जोते खाली आणले गेले, आणि १९८७ मध्ये, म्हणजे अरामिस गुंडाळला गेला त्याच वर्षी, खालच्या जोत्याची ती ट्राम सुरू झाली. आज युरोपभर दिसणारी रस्त्याच्या पातळीवरची ट्राम या भांडणाचे बरेच देणे लागते. लातूर ज्याला बोलणी म्हणतात ती हीच नव्हेत काय? इथे यंत्र बदलले ते प्रयोगशाळेत सुचले म्हणून नाही, फुटपाथवरच्या माणसाने हट्ट केला म्हणून.

सगळ्यात बोलका सामना झाला तो स्ट्रासबूर्गमध्ये. तिथे खरोखरच निवडणूक या दोन वाहनांवर लढली गेली. आधीच्या महापौरांना जमिनीखालून वाल न्यायचा होता. १९८९ साली कात्रीन त्रोतमान यांनी त्याविरुद्ध ट्राम मांडली आणि त्या निवडून आल्या. शहराच्या मध्यभागातल्या दुकानदारांचा कल वालकडे होता, आणि त्यांचे कारण अगदी समजण्यासारखे होते : वाल खालून जाईल, वर दुकानासमोर गिऱ्हाइकाची मोटार उभी राहील. पण ट्रामच्या बाजूचा मुद्दा नेमका उलटा होता. आम्हाला खालून जायचेच नाही, वरची जागाच परत हवी आहे. १९९२ मध्ये क्लेबेर चौकातून मोटारींची आरपार वाहतूक बंद केली गेली आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये मोठमोठ्या काचांची ट्राम त्या चौकातून जाऊ लागली. (तूलूझने मात्र १९९३ मध्ये वालच उघडला आणि तोही चांगला चालला. मी काही ट्रामचा कीर्तनकार नाही.)

या सामन्याने मला तुलनेचा खरा मुद्दा दाखवला. छोटे स्वयंचलित वाहन रस्त्याला म्हणते, तू जसा आहेस तसा राहा, मी तुझ्या वरून किंवा खालून जाते. ट्राम म्हणते, सरक. मोटारीच्या दोन रांगा मला दे. म्हणूनच पहिले कागदावर सगळ्यांना आवडते आणि दुसरीसाठी महापौर पडतात. पण भांडण टाळणारे वाहन रस्ता होता तसाच सोडते, आणि वर खांबांचा एक नवा संसार उभा करते.

आता थोडा हिशोब करू, कारण या विषयावर बोलताना गणित टाळणे हा एक जुना शिष्टाचार झाला आहे. समजा चार आसनांचे डबे तीन-तीन सेकंदांच्या अंतराने एका मार्गिकेवरून जात आहेत. तासाला १२०० डबे होतात. आपला डबा आपल्यालाच हवा, हीच या व्यवस्थेची गोडी असल्याने डब्यात सरासरी दीड माणूस धरू. तासाला १८०० माणसे झाली. दुसरीकडे अडीचशे माणसे नेणारी ट्राम दर तीन मिनिटांनी सोडली तर तासाला ५००० होतात, आणि तिला ना संगणकांचा ताफा लागतो ना उन्नत मार्ग. यावर डबेवाल्यांचे उत्तर ठरलेले : तीन सेकंद कशाला, अर्ध्या सेकंदावर आणू. इथे रेल्वेचा एक जुना नियम आडवा येतो. पुढची गाडी भिंतीवर आदळल्यासारखी जागच्या जागी थांबली तरी मागचीला थांबता आले पाहिजे, एवढे अंतर ठेवायचे. ताशी ४० किलोमीटर वेगाने अर्ध्या सेकंदात डबा साडेपाच मीटर जातो. उभ्या प्रवाशाला न पाडता तेवढ्यात थांबणारा ब्रेक नाही. अरामिसची अभौतिक जोडणी हे या नियमातून काढलेले पळवाटेचे दार होते. डबे इतके जवळ ठेवा की आदळलेच तरी हलकेच आदळतील. कल्पक खरेच, पण त्या कल्पकतेसाठी प्रत्येक डब्यावर यंत्रणांचा जो ढीग चढला, त्याने लहान डब्याचा लहानपणाच संपवला.

शिवाय थेट प्रवास हवा तर प्रत्येक स्थानक मुख्य मार्गापासून बाजूला काढावे लागते, म्हणजे थांबलेल्या डब्यामुळे मागचे अडणार नाहीत. बाजूला काढायचे तर वेग कमी करायला आणि पुन्हा वाढवायला लांब मार्गिका हवी. मोकळ्या माळावर हे सोपे आहे. जिथे इमारतीची गॅलरी आणि रस्त्यावरचे झाड यांत दोन हातांचे अंतर आहे, तिथे नाही.

ट्रामची दुखणीही सांगितली पाहिजेत. रूळ टाकण्याआधी जमिनीखालचे सगळे नळ, गटारे, तारा हलवाव्या लागतात, आणि त्या कुठे आहेत हे अनेकदा खणल्यावरच कळते. एडिंबरामध्ये या खणाखणीने आणि कंत्राटाच्या भांडणांनी शहराला जेरीस आणले. विमानतळापासून समुद्राकाठच्या न्यूहेवनपर्यंत जायची होती ती ट्राम २०१४ मध्ये शहराच्या मध्यापर्यंतच पोचली, खर्च ७७ कोटी पौंडांच्या वर गेला, आणि उरलेला तुकडा २०२३ मध्ये पुरा झाला. ‘लाइट रेल’ हा शब्दही थोडा फसवाच. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी सरकारी कागदांत तो रुळला, कारण जुन्या ‘स्ट्रीटकार’ला पैसे मागताना लाज वाटत होती. नावातले हलकेपण वहनक्षमतेचे, रुळांचे किंवा खर्चाचे नव्हे.

छोट्या डब्यांची स्वप्ने सगळीच मेली असेही नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनमध्ये विद्यापीठाचे विखुरलेले भाग जोडणारी अशी व्यवस्था १९७५ पासून चालू आहे. १९७२ च्या निवडणुकीच्या तोंडावर घाईने तिचे उद्घाटन उरकले गेले, खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला, तरी ती टिकली. का टिकली? तिथला डबा आठ आसनांचा आहे आणि उभे धरून वीसेक माणसे नेतो, स्थानके पाचच आहेत, आणि गर्दीच्या वेळी ती सरळ वेळापत्रकाने धावते. म्हणजे स्वप्नातला ‘आपला डबा’ सोडून तिने छोट्या बसचा धर्म पत्करला. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०११ पासून एकवीस पॉड एका टर्मिनलला वाहनतळाशी जोडतात. अबू धाबीजवळच्या मसदारमध्ये अख्खे शहर अशा डब्यांवर उभे राहणार होते. २०१० मध्ये प्रवाशांसाठी दोन स्थानके सुरू झाली आणि विस्तार तिथेच थांबला. जिथे प्रवासी थोडे, ठिकाणे मोजकी आणि जागा एकाच मालकाची, तिथे हे वाहन छान रमते. शहराची व्याख्या मात्र नेमकी याच्या उलट आहे.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण मुंबई. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. आपण ती काढली त्यानंतर वीस-एकवीस वर्षांत नाँतने परत आणली. आपल्याकडे परतीचा विचार गंभीरपणे झालाच नाही. झाली ती चेंबूरची मोनोरेल, २०१४ मध्ये एक टप्पा आणि २०१९ मध्ये दुसरा, आणि तिचे प्रवासी किती हे मुंबईकरांना ठाऊक आहे. आता वांद्रे आणि कुर्ला स्थानकांच्या मध्ये, वांद्रे-कुर्ला संकुलातून पॉड टॅक्सी येऊ घातली आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने जाहीर केल्याप्रमाणे मार्ग सुमारे ८.८ किलोमीटरचा, स्थानके ३८, एका पॉडमध्ये ६ प्रवासी, आणि खर्च हजार कोटींच्या थोडा वर.

संकुलाची अडचण खरी आहे. दोन्ही स्थानकांवरून तिथे जाणाऱ्याला रिक्षावाल्यांच्या मनावर अवलंबून राहावे लागते आणि पावसात तेही राहता येत नाही. तेव्हा काहीतरी हवेच. पण पुन्हा तोच हिशोब. समजा एका लोकलमधून संकुलाकडे जाणारे सहाशे जण वांद्र्याला उतरले. पॉड पूर्ण भरले तरी शंभर लागतील. स्थानकात एका वेळी आठ पॉड उभे राहतात आणि प्रत्येकाला दार उघडून, माणसे घेऊन, निघायला अर्धे मिनिट लागते असे धरले, तर मिनिटाला सोळा पॉड सुटतील. शंभर सुटायला सहा मिनिटांच्या वर. सहाच्या जागी चारच जण बसले तर दीडशे पॉड, नऊ मिनिटांच्या वर. गर्दीच्या वेळी पुढची लोकल त्याआधीच येऊन ठेपलेली असते, आणि रांगेची शेपटी जिन्यावर. आकडे माझे गृहीत आहेत. वाचकाने स्वतःचे घालून पाहावेत. आठच्या जागी वीस पॉड उभे करा, मग वांद्रे स्थानकाबाहेर तेवढा फलाट कुठे बसतो ते नकाशावर शोधा.

आणि याच रस्त्यांवर, संकुलाच्या त्या प्रशस्त, सरकारी मालकीच्या, मोटारींनी भरलेल्या रस्त्यांवर, दोन रांगा मागून घ्यायचे कोणाच्या मनात आले असते तर? इथे जुन्या शहरासारखी दुकाने पाडायची नाहीत, अरुंद गल्ल्या नाहीत. राखीव रांगेतली लांब बसही चालली असती. लातूर यांची व्याख्या लावली तर विचारायला हवे की या पॉडबद्दल कोणाशी बोलणी झाली. कुर्ल्याच्या पुलावरून रोज चालत जाणाऱ्या सफाई कामगाराशी? आठाऐवजी बारा तास दार राखणाऱ्या सुरक्षारक्षकाशी? पॉडचे भाडे त्याच्या खिशाला बसणार की नाही, हे ग्रनोब्लच्या चाकखुर्चीइतकेच रचनेचे प्रश्न आहेत, आणि ते खांब उभे राहण्याआधी विचारायचे असतात.

लातूर यांच्या पुस्तकात अखेरीस अरामिस आपल्या निर्मात्यांना जाब विचारतो. मेरी शेलीच्या राक्षसाची सावली त्या पानांवर जाणूनबुजून पाडली आहे, आणि ती पाने वाचताना आजही गळा दाटतो. पण बुलव्हार व्हिक्टोरवर, जिथे त्याचे डबे हातभर अंतराने धावून दाखवत होते, तिथून डिसेंबर २००६ पासून पॅरिसची तिसऱ्या क्रमांकाची ट्राम जाते. तिच्यासाठीही जवळच्या जुन्या, वापरात नसलेल्या रेल्वेमार्गाचा पर्याय होता. त्या मार्गावर कोणाचीच मोटार अडली नसती. बरीच वर्षे वाद घालून शहराने तो नाकारला आणि मोटारींच्या रांगा काढून त्या रस्त्यातच रूळ टाकले, रुळांमध्ये गवत लावले.